ब्रेक विसरला, की मुद्दाम नाही टाकला?

ओरलला हमखास येणारा प्रश्न कोणता, असं विचारलं तर फर्स्ट इयरपासून बी.ई.पर्यंत कुणीही सांगेल. एक्स्टर्नल जर्नल चाळतात, मेन्यू-ड्रिव्हन प्रोग्रामच्या पानावर थांबतात, एका केसखालच्या ब्रेकवर पेन ठेवतात आणि म्हणतात, "हा काढला तर काय होईल?" आपण पाठ केलेलं उत्तर देतो, "सर, पुढचा ब्रेक येईपर्यंत खालच्या केसपण एक्झिक्यूट होतील." सर मान हलवतात, पान उलटतात. झाली ओरल!

उत्तर बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच की याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. समजा दोन केसमध्ये निम्मं काम सारखंच आहे, तर ते सारखं काम लिहायचं कुठे? यावर आपल्या हॉस्टेलात दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. दुसरा मार्ग जरा हुशार मंडळींचा. वरच्या केसचा ब्रेक गाळायचा आणि खालच्या केसमध्ये घरंगळत जायचं, म्हणजे तेच काम दोनदा लिहावं लागत नाही. याला फॉल-थ्रू म्हणतात. पहिला मार्ग वाईट हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे तोच घेतात. दुसरा वाईट आहे हे मात्र कुणी सांगत नाही, उलट "बघ, किती कमी ओळीत केलं!" म्हणून शाबासकी मिळते. या शाबासकीलाच माझा आक्षेप आहे.

आधी हे घरंगळणं मुळात होतं का, ते पाहू. स्विच दिसायला इफ-एल्सच्या भावासारखा दिसतो. वाटतं, प्रत्येक केस म्हणजे एक वेगळी खोली. एका खोलीत शिरलो, काम केलं, बाहेर आलो. पण केस ही खोली नाही, ती नुसती पाटी आहे. एस.टी.च्या थांब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं ना, तशी. स्विच तुम्हाला योग्य थांब्यावर गाडीत चढवून देतो, एवढंच त्याचं काम. पुढे गाडी पळतच राहते. मधल्या गावांच्या पाट्या आल्या म्हणून ती थांबत नाही, कंडक्टरने सिंगल बेल मारली तरच थांबते. ब्रेक म्हणजे ती बेल.

हे असं का केलं, याला इतिहास आहे आणि तो मजेदार आहे. सी भाषा बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. तिच्या आधी केन थॉम्प्सन यांची बी भाषा होती आणि बीच्या आधी इंग्लंडच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल. बीसीपीएलमध्ये स्विचमधून बाहेर पडायला पुढे 'एंडकेस' असा स्वतंत्र शब्द आला. पण रिची यांनी १९९३ साली सीच्या जडणघडणीवर जो निबंध लिहिला त्यात ते सांगतात की, त्यांनी बीसीपीएल शिकली तेव्हा तिच्यात हा शब्द नव्हताच. म्हणून बी आणि सीमध्ये लूपमधून बाहेर पडण्याचा जो ब्रेक होता, त्याच्याच गळ्यात स्विचचंही काम बांधलं गेलं. म्हणजे एक शब्द, दोन नोकऱ्या! ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता न्यायाने बोलायचं तर फॉल-थ्रूचा एक उपयोग अगदी सरळ आहे आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. महिन्याचे दिवस सांगणारा प्रोग्राम घ्या. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या चौघांना ३० दिवस. चार केस एकाखाली एक लिहिल्या, मध्ये एकही ओळ नाही, आणि शेवटी एकदाच ३०. वाचणाऱ्याला शंका येत नाही, कारण चार पाट्या एकाच खांबावर लावल्यासारख्या दिसतात. काम पूर्णपणे सारखं असेल तर हेच करावं. अडचण येते ती काम अर्धं सारखं असतं तेव्हा, म्हणजे वरच्या केसला स्वतःचं थोडं काम आहे आणि ते करून ती खालच्या केसमध्ये उतरते तेव्हा.

हवेतल्या गप्पा नकोत म्हणून मेसचं बिल घेऊ, सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. समजा एका हॉस्टेलच्या मेसचं बिल काढायला कुण्या सीनियरने प्रोग्राम लिहिला. दिवसाला १२० रुपये, शिवाय महिन्याला ३०० रुपये आस्थापना खर्च. जो घरी गेला असेल त्याच्या रजेचे दिवस वजा. पाहुण्यांना कुपन, ७० रुपयांचं एक. स्विचच्या आतला भाग साधारण असा (कंसा-अर्धविरामांकडे बघू नका, मतलब बघा):

केस रजा: दिवस = दिवस − रजेचे दिवस
केस नियमित: बिल = ३०० + दिवस × १२०; ब्रेक
केस पाहुणा: बिल = कुपन × ७०; ब्रेक

रजावाल्याचे दिवस कमी होतात, मग तो घरंगळत नियमितमध्ये येतो आणि त्याचं बिल निघतं. सूत्र एकदाच लिहिलंय. छान! प्रोग्राम दोन वर्षं चालला, सीनियर प्लेसमेंट घेऊन निघून गेला. मग मेस कमिटीने ठरवलं की जे दिवसभर इंटर्नशिपला बाहेर असतात त्यांच्यासाठी फक्त रात्रीच्या जेवणाची सोय करायची, दिवसाला ६० रुपये. हे काम सेकंड इयरच्या एका पोराकडे आलं. त्याने काय केलं? फॉर्मवर प्रकार ज्या क्रमाने छापले होते त्याच क्रमाने रजेच्या खाली आणि नियमितच्या वर एक नवी केस घातली. एकवेळ: बिल = ३०० + दिवस × ६०, आणि आठवणीने ब्रेकसुद्धा टाकला. त्याच्या केसमध्ये एकही चूक नाही. कंपायलर खूश, प्रोग्राम चालू.

आता रजावाला घरंगळतो तो नियमितमध्ये नाही, एकवेळमध्ये. ३० दिवसांतले ८ दिवस घरी राहिलेल्या मुलाचं बिल २२ × १२० अधिक ३००, म्हणजे २,९४० यायला हवं. येतं १,६२०. माणशी १,३२० रुपये कमी. असे ४० जण असतील तर महिन्याला ५२,८०० रुपयांचा खड्डा! आणि यातली खरी गोम अशी की तक्रार कोण करणार? ज्याचं बिल कमी आलं तो? तो तर मनातल्या मनात मेस कमिटीला दुवा देत असतो. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही, आकडे अशक्य वाटावेत इतके वेडेवाकडे नसतात. महिनाअखेरीस हिशोब लागत नाही तेव्हा आधी संशय कुणावर जातो, हे तुम्हाला मला चांगलं माहीत आहे. किराणा आणणाऱ्या मेसच्या काकांवर. कोडवर कुणाचाच जात नाही, कारण "कॉम्प्युटरने काढलंय"!

इथे दोष सेकंड इयरच्या पोराचा म्हणायचा का? मी तरी म्हणणार नाही. त्याने कोड वाचला तेव्हा रजेखाली ब्रेक नव्हता हे त्याला दिसलं नाही, कारण जे नाही ते दिसत नसतं. आणि समजा दिसलं असतं, तरी त्याने काय समजायचं? विसरला, की मुद्दाम नाही टाकला? लिहिणारा तर केव्हाच कंपनीत रुजू झालाय. चुकून राहिलेला ब्रेक आणि विचारपूर्वक गाळलेला ब्रेक कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. शिवाय दोन केसचं नातं आता त्यांच्या शेजारी असण्यावर टिकून आहे. कोडात मधे एक ओळ घातली की ते नातं तुटतं. सारखं काम वाटून घेण्याची ही जागाच कच्ची आहे.

हे काही माझंच डोकं नाही. सीच्या पाठ्यपुस्तकात, म्हणजे कर्निहॅन आणि रिची यांच्याच पुस्तकात, असा इशारा दिलेला आहे की केसमधून केसमध्ये उतरणारा कोड नंतर बदल करताना विस्कटतो, म्हणून जपून वापरा आणि वापरलात तर शेजारी तसं लिहून ठेवा. पीटर व्हॅन डर लिंडेन हे सन कंपनीत कंपायलरवर काम करायचे. त्यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात सनच्या सी कंपायलरचाच कोड मोजून दाखवला. २४४ स्विच आणि प्रत्येकात सरासरी ७ केस. त्यात फॉल-थ्रू होता फक्त ३ टक्के ठिकाणी. म्हणजे ९७ टक्के वेळा हाताने ब्रेक टाइप करायचा, कशासाठी, तर उरलेल्या ३ टक्क्यांची सोय व्हावी म्हणून!

बरं, मग मेसच्या प्रोग्रामचं करायचं काय? पटकन सुचणारा उपाय म्हणजे बिलाच्या सूत्राचं एक छोटं फंक्शन करून रजा आणि नियमित, दोन्ही केसमधून ते बोलवायचं आणि दोन्हीकडे ब्रेक टाकायचा. हे चांगलंच आहे. केस वरखाली केल्या तरी काही बिघडत नाही, आणि फंक्शनला नाव असल्यामुळे सारखं काम नेमकं कोणतं ते वाचणाऱ्याला कळतं. पण थोडं थांबून पाहिलं तर वेगळंच काही दिसतं. एकवेळ जेवणारा मुलगा रजेवर गेला तर त्याचं काय? त्याला कोणत्या केसमध्ये टाकणार? रजा हा मुळात विद्यार्थ्याचा प्रकारच नाही! "तू कोणत्या प्रकारचा मेंबर?" हा एक प्रश्न आणि "किती दिवस नव्हतास?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच स्विचमध्ये कोंबले म्हणून घरंगळायची वेळ आली. ते वेगळे केले की असं दिसतं:

दिवस = दिवस − रजेचे दिवस (रजा नसेल तर शून्य)
केस नियमित: दर = १२०; ब्रेक
केस एकवेळ: दर = ६०; ब्रेक
डिफॉल्ट: "असा प्रकार नाही" म्हणून सांग आणि इथूनच परत जा
स्विच संपल्यावर: बिल = ३०० + दिवस × दर

स्विचकडे आता एकच काम उरलं, दर ठरवायचं. सगळ्यांना लागू असलेलं निम्मं काम स्विचच्या आधी गेलं, निम्मं नंतर. पाहुण्याच्या कुपनाचा हिशोब वेगळाच आहे, त्याला इथे आणायचंच कशाला? माझा तर अनुभव असा आहे की फॉल-थ्रूची तीव्र इच्छा झाली की बहुतेक वेळा प्रकारांची वाटणीच चुकलेली असते.

मात्र सारखं काम स्विचच्या बाहेर ठेवलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. त्यासाठी १५ जानेवारी १९९० या तारखेची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं त्या दिवशी सुमारे नऊ तास आडवं झालं. कोट्यवधी कॉल लागलेच नाहीत. (टेलिफोनच्या धंद्यात एक्स्चेंजच्या यंत्रालाही स्विच म्हणतात, म्हणून मी पुढे यंत्र म्हणतो, नाहीतर आपला गोंधळ व्हायचा.) अशी ११४ यंत्रं होती आणि सगळ्यांवर डिसेंबर १९८९मध्ये नवं सॉफ्टवेअर चढवलेलं होतं, सीमध्ये लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या एका यंत्राने काही बिघाड जाणवला म्हणून स्वतःला रीसेट केलं आणि परत कामावर आल्याचे निरोप शेजाऱ्यांना पाठवले. शेजारी पहिला निरोप नोंदवत असतानाच दुसरा आला की त्यांच्या कोडमधली एक वाट उघडायची, त्यांचा डेटा खराब व्हायचा, ते स्वतःला रीसेट करायचे, आणि परत आल्यावर आपल्या शेजाऱ्यांना तोच निरोप! साथीच्या तापासारखं एकाकडून दुसऱ्याकडे.

ती वाट कोणती? स्विचमध्ये एक केस, केसमध्ये इफ-एल्स, आणि एल्समध्ये एक ब्रेक. लिहिणाऱ्याला बाहेर पडायचं होतं इफमधून. पण सीमध्ये ब्रेक इफला ओळखतच नाही. तो सगळ्यात जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर काढतो. इथे जवळ होता स्विच. त्यामुळे आलेल्या निरोपावर काम करून पॉइंटर नीट बसवण्याच्या ओळी राहून गेल्या आणि कंट्रोल थेट स्विचनंतरच्या सगळ्यांसाठी असलेल्या कोडवर येऊन पडला. तो कोड बिचारा समजून चालला होता की पॉइंटर बसवलेले आहेत. पुढचं सांगायला नको, पॉइंटर भलतीकडे असला की काय होतं ते प्रत्येकाने लॅबमध्ये भोगलंय.

म्हणजे आमच्या मेसमध्ये ब्रेक नव्हता म्हणून घोटाळा, आणि तिकडे ब्रेक होता म्हणून! एका शब्दाला दोन नोकऱ्या दिल्या त्याचं हे फळ. म्हणूनच वरच्या कोडमध्ये डिफॉल्टला मी "इथूनच परत जा" म्हटलंय. शेवटची ओळ सगळ्यांची आहे, तेव्हा तिथे पोचणाऱ्या प्रत्येक वाटेने दर भरूनच आणला पाहिजे. केस जेवढी छोटी तेवढं हे तपासणं सोपं. दोन-तीन ओळींपेक्षा मोठी केस दिसली की मला तरी ती फंक्शनमध्ये हलवावीशी वाटते.

काही मंडळी इथे टॉम डफ यांचं नाव पुढे करतील. १९८३ साली लुकासफिल्ममध्ये काम करताना त्यांनी एक लूप वेगवान करण्यासाठी चक्क स्विचच्या पोटात डू-व्हाइल घातला आणि केसच्या पाट्या लूपच्या आत पेरल्या. पहिल्यांदा पाहिलं तर हे कंपाइल होतं यावर विश्वास बसत नाही. करामत म्हणून सलाम! पण खुद्द डफ यांनीच म्हटलं होतं की फॉल-थ्रूच्या वादात हा कोड एक मुद्दा आहे खरा, फक्त तो बाजूने आहे की विरुद्ध हे सांगता येत नाही. आपल्याला बायनरी ट्रीचा मेन्यू लिहायचाय, तेव्हा डफसाहेबांना त्रास नको. आणि "फंक्शन कॉलला वेळ लागतो" हे कारणही देऊ नका. एवढंसं फंक्शन ऑप्टिमायझर बहुतेक वेळा जागच्या जागी उलगडून टाकतो.

भाषा तयार करणाऱ्यांनी मात्र यातून धडा घेतला. पास्कलमध्ये तर १९७० सालापासून घरंगळणं नाहीच, एका केसला स्वल्पविराम देऊन हव्या तेवढ्या किमती लिहा. सी शार्पमध्ये काम असलेली केस ब्रेकशिवाय सोडली तर कंपायलरच एरर देतो. २००९मध्ये आलेल्या गो भाषेत आणि २०१४च्या स्विफ्टमध्ये उलटी पद्धत आहे. आपोआप थांबायचं, आणि घरंगळायचं असेल तर तसा शब्द लिहायचा. जावाने सुरुवातीला सीचाच कित्ता गिरवला, पण मार्च २०२०मध्ये जावा १४ आली तिच्यात बाणवाला स्विच कायमचा झाला, त्यात ब्रेकची भानगड नाही. सी प्लस प्लसमध्ये २०१७च्या स्टँडर्डपासून "मुद्दाम घरंगळतोय" अशी खूण करता येते, सीमध्ये ती सी २३ने आणली. लिनक्सवाल्यांनी २०१९मध्ये ५.३ या आवृत्तीत अख्ख्या कर्नलसाठी याची वॉर्निंग चालू केली. त्याआधी हजारो केस एकेक करून तपासाव्या लागल्या, विसरला की मुद्दाम, हाच प्रश्न विचारत! गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी जे मिस्रा सी नियम आहेत, त्यांच्या २००४च्या आवृत्तीत तर सरळ सांगितलंय की काही काम असलेली प्रत्येक केस बिनशर्त ब्रेकनेच संपली पाहिजे. आपल्यातले जे पुण्यात ऑटोमोटिव्ह कंपन्यांमध्ये जातील त्यांना हे नाव पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल, आणि तिथे "सर, कमी ओळीत केलं" याला शाबासकी नाही.

यातलं एक तर आज रात्रीसुद्धा करून बघण्यासारखं आहे. जीसीसीमध्ये ७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, फॉल-थ्रूची वॉर्निंग मिळते. कंपाइल करताना उणे चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला चिकटून 'एक्स्ट्रा' एवढं लिहायचं. नुसतं 'ऑल' लिहून भागत नाही, ही वॉर्निंग त्यात येत नाही. आपला मागच्या सेमचा मेन्यूवाला प्रोग्राम घ्या आणि बघा काय निघतं ते. रिकाम्या पाट्या एकाखाली एक असतील तर तो गप्प बसतो, म्हणजे त्यालाही फरक कळतो.

आता स्टाफरूमकडे एक अर्ज, रागावू नये ही विनंती. "ब्रेक काढला तर आउटपुट काय" हा प्रश्न पेपरात आणि प्लेसमेंटच्या टेस्टमध्ये इतक्यांदा येतो की आम्ही फॉल-थ्रूकडे एक कोडं म्हणूनच बघायला शिकतो. दुसऱ्याचा विचित्र कोड उलगडता येणं ठीक आहे, पण स्वतः सरळ कोड लिहायचं कधी? जर्नलमधले मेन्यूचे प्रोग्राम तर बॅचमधल्या सगळ्यांचे जवळजवळ एकसारखेच असतात, ते का, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जर्नलमधलाच प्रोग्राम करायला द्या, पण तो चालल्यावर सांगा की आता मेन्यूत एक पर्याय वाढवायचाय, ज्याचं अर्धं काम दोन नंबरच्या पर्यायासारखंच आहे. आणि तो सगळ्यात शेवटी नाही, बरोबर मध्ये बसवायचा. वीस मिनिटं द्या. ज्याच्या आधीच्या ओळींना कमीत कमी हात लावावा लागेल त्याला जास्त मार्क.